पहिला कॅमेरा कुठून आणायचा?

पुण्यातल्या माझ्या मित्रमंडळींत सध्या दोन तट पडलेत. एक म्हणतो, हातात मोबाईल असताना कॅमेरा घेणं म्हणजे पैसे पाण्यात. हा धंदा संपला. दुसऱ्यात लग्नाचे फोटो काढणारे बरेच. ते मिररलेसची, म्हणजे आत आरसा नसलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांची, वाढती विक्री दाखवून म्हणतात, बाजार पुन्हा उभा राहिलाय. मी टोकियोत नोकरी करतो, म्हणजे या कंपन्यांच्या अंगणातच. मला वाटतं, दोघेही विकलेले नग मोजताहेत. कॅमेरा घेणं कुणाला परवडतंय, हे कुणी विचारत नाही.

आकडे खरेच आहेत. जपानी कॅमेरा उद्योगाची संघटना ‘सीपा’ सांगते की 2010 मध्ये कारखान्यांतून सुमारे 12 कोटी डिजिटल कॅमेरे बाहेर पडले, 2024 मध्ये जेमतेम 85 लाख. गेले ते मुख्यतः खिशातले छोटे कॅमेरे. मोबाईलने ते गिळले. कॅसिओने 2018 मध्ये छोटे कॅमेरे बंद केले, ऑलिम्पसने कॅमेऱ्याचा विभागच विकला. कॅनन पहिला, सोनी दुसरा, निकॉन त्यांच्या मागे, अशी उरलेली वाटणी. थोडे पण महाग कॅमेरे विकायचे, हे तिघांचंही धोरण, आणि त्यात पैसा आहे.

त्याची झळ नवख्याला बसते. गणपतीत ढोलपथकांपुढे उलटं चालत फोटो काढणारी आणि त्यातूनच पुढे लग्नाच्या ऑर्डरी घेणारी कितीतरी मुलं पुण्यात आहेत. त्यांचा श्रीगणेशा झाला तो सोबतच साधी लेन्स मिळणाऱ्या स्वस्त डीएसएलआरवर, म्हणजे आत आरसा असलेल्या जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यावर. तेच कॅमेरे आता आटत चाललेत. 2024 मध्ये डीएसएलआर जगभरात मिळून दहा लाखांच्या आसपास निघाले, मिररलेस 56 लाख.

नवा कॅमेरा टोकियोतल्या विद्यार्थ्यालाही जड जातो. पण शिंजुकूत जुन्या कॅमेऱ्यांची मोठमोठी दुकानं आहेत. बॉडीवर चिठ्ठी असते: ओरखडा कुठे, लेन्समध्ये धूळ आहे की बुरशी, दर्जा कोणता. वर दुकानाची लेखी वॉरंटी. अनोळखी माणूसही निर्धास्त घेतो. पुण्यात जुना कॅमेरा बहुतेकदा ओळखीतून किंवा ऑनलाइन जाहिरात बघून घ्यायचा, आणि शटर काउंट, म्हणजे कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढले तो आकडा, विकणाऱ्याच्या तोंडचा खरा मानायचा. पावसाळ्यात लेन्स उघडून बघितली आणि बुरशी निघाली, की तक्रार न्यायची कुणाकडे?

कॅमेऱ्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला त्यालाही वर्षं झाली. तो आणखी कमी करा, ही मागणी मला दुय्यम वाटते. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला खरेदी-विक्रीतल्या फरकावरच कर भरायची मुभा नियमांत आहे. पुण्यात कॅमेरे दुरुस्त करणारे चांगले कारागीर आहेत. दुकानदारांनी त्यांना हाताशी धरून तपासलेला जुना माल बिल आणि सहा महिन्यांच्या वॉरंटीसह विकायला ठेवावा. सुरुवात कॅनन-निकॉनच्या जुन्या डीएसएलआरपासून करावी, कारण त्यांच्या लेन्स शहरात घरोघरी पडून आहेत.