देना बँक दुसऱ्यांदा बंद होणार म्हणे!

२०१९ च्या ऑक्टोबरात माझी मावशी महाबँकेतली, म्हणजे बँक ऑफ महाराष्ट्रमधली, मुदत ठेव मोडायला निघाली होती. का, म्हणून विचारलं तर तिने एक मेसेज पुढे ढकलला. तो तुम्हालाही आला असणारच. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर २३ सप्टेंबरला पैसे काढण्याचे निर्बंध आले तेव्हापासून तो फिरत होता, आणि २१ ऑक्टोबरचं विधानसभेचं मतदान जवळ येत होतं तसतशी त्याला नवी शेपटं फुटत होती. मावशीकडे आलेल्या आवृत्तीत चार गोष्टी होत्या. रिझर्व्ह बँक नऊ बँका कायमच्या बंद करणार. सरकारने रिझर्व्ह बँकेची तिजोरी उपसली म्हणून पीएमसीवाल्यांचे पैसे अडकले. पासबुकावर आता ‘एक लाखच मिळतील’ असा शिक्का मारायला लागलेत. आणि म्हणून, मतदानाच्या आधी सगळे पैसे काढून घ्या. खाली अर्थातच ‘जनहितार्थ’.

आधी त्या नऊ बँका. कॉर्पोरेशन, युको, आयडीबीआय, बँक ऑफ महाराष्ट्र, आंध्र, इंडियन ओव्हरसीज, सेंट्रल, देना, युनायटेड. यादी जरा सावकाश वाचा हो. देना बँक! ती १ एप्रिल २०१९ लाच विजया बँकेबरोबर बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली. जी बँक सहा महिन्यांपूर्वीच उरली नव्हती, ती बंद करायला रिझर्व्ह बँक मुहूर्त शोधत होती म्हणे. ज्याने हे लिहिलं त्याला एवढंही माहीत नाही, आणि त्याच्या शब्दावर आपण ठेवी मोडायच्या.

बरं, देना बँकेच्या ठेवीदारांचं काय झालं? काहीही नाही. खाती बडोद्यात गेली, दारावरच्या पाट्या बदलल्या, ठेवी जागच्या जागी राहिल्या.

आता कायदा. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचे कायदे दोन, १९७० चा आणि १९८० चा. दोन्हींत कलम १८ आहे आणि त्याचा अर्थ सरळ आहे: कंपन्या गुंडाळण्याचे कायदे या बँकांना लागू नाहीत, आणि केंद्र सरकारच्या आदेशाशिवाय यातली एकही बँक अवसायनात काढता, म्हणजे कायमची गुंडाळता, येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या मनात आलं तरी ती महाबँक बंद करू शकत नाही. तो अधिकारच तिच्याकडे नाही. यादीतली आयडीबीआय तेवढी या कायद्यात बसत नाही. पण जानेवारी २०१९ मध्ये तिची ५१ टक्के मालकी एलआयसीने घेतली होती, आणि बंद करायच्या बँकेत कुणी एलआयसीचा पैसा ओतत नाही. रिझर्व्ह बँकेने ही बातमी खोटी असल्याचं २५ सप्टेंबरलाच सांगितलं, अर्थसचिवांनीही सांगितलं. ते कुणी पुढे पाठवलं नाही. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं ना.

यात खऱ्याचा एक अंश आहे, तो मान्य करून टाकतो. थकीत कर्जांमुळे यादीतल्या काही बँकांवर रिझर्व्ह बँकेने ‘पीसीए’खाली, म्हणजे तातडीच्या सुधारणेसाठीच्या चौकटीखाली, बंधनं घातली होती. पण ही बंधनं बँकेच्या कर्जवाटपावर, नव्या शाखांवर, लाभांशावर असतात. ठेवीदाराला पैसे काढायला त्याने अडत नाही. महाबँक तर त्यातून ३१ जानेवारीलाच बाहेर पडली. शिवाय ३० ऑगस्टला अर्थमंत्र्यांनी विलीनीकरण जाहीर केलं: आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये. ‘विलीन’चं ‘बंद’ झालं ते बहुधा इथेच.

इथवर हसून सोडून देता आलं असतं. पण ठेव मोडून पैसे ठेवणार कुठे, असं मावशीला विचारलं, आणि तिचं उत्तर ऐकून माझं डोकं फिरलं. ओळखीच्या माणसाने एक पतसंस्था सुचवली होती. दोन टक्के जास्त व्याज देते, चेअरमन आपलाच माणूस आहे, शिवाय तिथे रिझर्व्ह बँकेची कटकट नाही! अहो, ती ‘कटकट’ नाही म्हणूनच तर घाबरायला हवं. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख नाही, आणि बँक बुडाली तर ठेवीदाराला ठरावीक रक्कम देणाऱ्या ठेव विमा महामंडळाचं तिथल्या ठेवीला एक रुपयाचंही संरक्षण नाही. ज्या एक लाखाच्या विम्याला हा मेसेज नाक मुरडत होता, तोसुद्धा तिथे नव्हता. सरकारी बँक बुडेल या भीतीने माणूस मुदतीआधी ठेव मोडतो, व्याजावर पाणी सोडतो आणि नेमकी तीच रक्कम जिथे खरोखर बुडू शकते तिथे नेऊन ठेवतो. असे मेसेज कोण लिहितो मला माहीत नाही. ते पुढे पाठवणाऱ्यांना मात्र मी ओळखतो. निवृत्त, सुशिक्षित, बँकेत नोकऱ्या केलेली माणसं आहेत त्यांत.

आपल्याकडे भीती नेहमी चुकीच्या दाराशी उभी असते. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक आठवते? २ सप्टेंबर २००६ ला तिच्यावर निर्बंध आले आणि महिन्याभरात ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. ठेवीदारांचे पैसे शाबूत राहिले. ती व्यापारी बँक होती. सहकारी बँकांचं रेकॉर्ड मात्र वेगळं आहे. पेण अर्बन २०१० मध्ये कोसळली. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ पासून निर्बंध होते. तिथले ठेवीदार २०१९ पर्यंत सहा वर्षांहून जास्त काळ निवेदनं देत होते, आणि मधल्या काळात लोकसभेच्या दोन निवडणुका आणि विधानसभेची एक होऊन गेली. रुपीसाठी कुणी ‘जनहितार्थ’ मेसेज पाठवला होता का?

तिजोरी उपसल्याचा मुद्दा. ऑगस्ट २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने केंद्राला १ लाख ७६ हजार कोटी रुपये द्यायचं ठरवलं, हे खरं. ते द्यावेत की नाही यावर भांडायचं तर जरूर भांडू, माझंही मत फारसं अनुकूल नाही. पण पीएमसीशी त्याचा काडीचा संबंध नाही. बँकेच्या ठेवीदारांचे पैसे रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत पडून नसतात. ते बँकेने कर्जाऊ दिलेले असतात. पीएमसीच्या ठेवी ११ हजार कोटींच्या वर होत्या, आणि कर्जांतला ७० टक्क्यांहून मोठा हिस्सा एकट्या एचडीआयएल या बिल्डरच्या गटाकडे. नागरी सहकारी बँकेला तेव्हा एका गटाला भांडवली निधीच्या, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या पैशाच्या, ४० टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येत होतं. इथे एकूण कर्जांचाच एवढा वाटा गेला. तो दिसू नये म्हणून २१ हजारांहून जास्त बनावट खाती दाखवली, असं पोलिसांकडची तक्रार सांगते. हे सगळं तपासणीत वर्षानुवर्षं कुणाला दिसलं कसं नाही, असं रिझर्व्ह बँकेला आणि लेखापरीक्षकांना विचारायला हवं. पण ‘तिजोरी रिकामी’ म्हटलं की तो प्रश्न आपोआप गळतो, आणि ज्यांना तो टाळायचाय त्यांचं काम फुकटात होतं.

शिक्क्याबद्दल थोडक्यात. ज्या पासबुकाचा फोटो फिरत होता त्यावरचा मजकूर नवा नव्हता. ठेव विम्याची माहिती पासबुकावर छापा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना २२ जून २०१७ च्या परिपत्रकात सांगितलं होतं. निवडणूक आणि पीएमसी यांच्या कितीतरी आधी. एक लाखाची मर्यादा तर १ मे १९९३ पासूनची होती, ती २०२० मध्ये वाढली, आणि लाज वाटायला हवी होती ती याची. १९९३ चा एक लाख आणि २०१९ चा एक लाख एकच कसे? तेही मुद्दल आणि व्याज मिळून, आणि एका बँकेतल्या सगळ्या शाखांत मिळून. त्यातही मेख अशी, की २०२१ पर्यंत विम्याचे पैसे बँक अवसायनात निघाल्यावर किंवा तिचं विलीनीकरण वगैरे झाल्यावर मिळायचे. नुसते निर्बंध असले तर ठेवीदार लटकलेलाच असायचा. पीएमसीचे लोक तेव्हा तसेच लटकले होते. आधी १ हजार, मग १० हजार, मग २५ हजार, मग ४० हजार, असं हप्त्याहप्त्याने त्यांना त्यांचेच पैसे दिले जात होते. दारात येणाऱ्या उमेदवाराला शिक्क्याचा फोटो दाखवण्यापेक्षा ही मर्यादा कधी वाढवणार ते विचारायला हवं होतं.

मतदानाआधी पैसे काढण्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. मतमोजणी २४ तारखेला होती. त्या दिवशी कोणीही निवडून आलं तरी तुमच्या खात्यातली शिल्लक तीच राहणार होती.

उलट बाजूचाही एक मेसेज फिरत होता, तो सोडला तर अन्याय होईल. ‘पीएमसी ही सहकारी बँक, हा राज्याचा विषय, मोदी सरकारचा काय संबंध?’ पीएमसीच्या शाखा अनेक राज्यांत होत्या. ती बहुराज्यीय सहकारी संस्था होती, म्हणजे २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली नोंदलेली, आणि तिचा निबंधकही केंद्राचाच. १० ऑक्टोबरला अर्थमंत्री मुंबईत पक्षाच्या कार्यालयात आल्या तेव्हा ठेवीदारांनी त्यांना गाठलं. नियामक रिझर्व्ह बँक आहे, माझ्या खात्याचा थेट संबंध नाही, असं त्या म्हणाल्या. आणि त्याच दमात, गरज पडली तर हिवाळी अधिवेशनात कायदे बदलू असंही म्हणाल्या. संबंध नसलेल्या विषयाचा कायदा कुणी बदलायला घेत नाही.