परदेशातून : पैसे कोणाच्या हातात?

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय, अर्धे लोक म्हणतात खारफुटी आणि फ्लेमिंगो वाचवा, अर्धे म्हणतात यांच्यामुळेच रस्ते रखडतात, आणि मध्येच एकाने टाकलं की कोळणींचे बचतगट करा, खाडी साफ करून घ्या, महिला दिनाला सत्कार करू. मी नैरोबीत बसून वाचत होते, बाकी सगळं सोडा, हे शेवटचं फार लागलं मला.

माझी आत्या दिवा कोळीवाड्यातली. ओहोटी लागली की गुडघाभर चिखलात चिंबोऱ्या काढायला उतरते. तिवराची, म्हणजे खारफुटीतल्या एका झाडाची, मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली असतात, झाड त्यातूनच श्वास घेतं, आणि भरतीबरोबर आलेल्या पिशव्या नेमक्या तिथेच गुंडाळून बसतात. आत्या चालता चालता त्या सोडवते, टोपलीत टाकते, पुढे जाते. "तिवरं गेली का म्हावरं गेलं," म्हणते. वर्षानुवर्षं हे चाललंय, कोणी सांगितलं नाही आणि एक रुपयाही कोणी दिला नाही. 2018 मध्ये हायकोर्टाने खारफुटी तोडायला बंदी घातली, 2022 मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत, गेली, दोन्ही चांगलंच झालं, पण आत्याला काही विचारायला कोणीच आलं नाही.

इथे केनियात वांगारी मथाईंनी 1977 मध्ये गावागावातल्या बायकांकडून रोपं लावून घ्यायला सुरुवात केली तेव्हा जगलेल्या प्रत्येक रोपामागे बाईला थोडे का होईना पैसे मिळायचे. त्यांना पुढे मिळालेल्या नोबेलपेक्षा मला हे मोठं वाटतं. 1989 मध्ये नैरोबीच्या उहुरू पार्कात साठ मजली टॉवर होणार होता, त्या आडव्या आल्या तर राष्ट्राध्यक्ष मोई जाहीरपणे म्हणाले की बाईने पुरुषांचा मान राखून गप्प बसावं. टॉवर काही झाला नाही.

इकडे सगळं छान आहे असं नाही हं. प्लॅस्टिक पिशव्यांवर 2017 पासून कडक बंदी आहे, आपल्याकडे वर्षभराने आली त्यापेक्षा खूप जास्त पाळली जाते, पण नैरोबीतल्याच दांडोराच्या कचरा डेपोवर बायका आजही हाताने कचरा वेचतात. म्हणून "परदेशात बघा" वगैरे मी म्हणणार नाही.

पण गाझीबद्दल सांगायलाच हवं. मोम्बासाच्या दक्षिणेला किनाऱ्यावरचं गाव, तिथली 117 हेक्टर खारफुटी गावकरीच सांभाळतात, त्या उपक्रमाचं नाव मिकोको पामोजा, स्वाहिलीत म्हणजे "खारफुटी, सगळे मिळून". 2013 पासून कार्बन क्रेडिट विकून, म्हणजे झाडांनी शोषलेल्या कार्बनचा मोबदला घेऊन, आलेल्या पैशातून गावात पाणी आलं, शाळेला पुस्तकं आली. आणि खारफुटीतून जाणारा जो लाकडी पूल आहे तो बायकांचा गट चालवतो, तिकीट त्याच घेतात. आपल्याकडे वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत बचतगटाच्या बायका बोटीतून खारफुटी दाखवतात, म्हणजे महाराष्ट्रात होत नाही असं कोणी मला सांगू नये. मग ठाणे खाडीतच बाईच्या वाट्याला नुसतं श्रमदान आणि शाल-नारळ का?

गाझीच्या पुलाचा व्हिडिओ मी आत्याला व्हिडिओ कॉलवर दाखवला. पूल, पाणी, झाडं, कशाबद्दलच नाही विचारलं तिने. "पैसं कोनाच्या हातान देतान?" म्हणाली.

म्हटलं, बायकांच्याच.

"परत दाखव."