वाडे गेले म्हणून मुलं खचली?

दहावी-बारावीचे निकाल तोंडावर आले की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. ‘वाडे पडले, फ्लॅट आले, आजी-आजोबा सुटले आणि मुलं डिप्रेशनमध्ये गेली.’ खाली हात जोडलेले इमोजी. दावे चार-पाचच आहेत.

‘शहरात प्रमाण दुप्पट, कारण शहरात विभक्त कुटुंबं.’ यातला अर्धा भाग खरा आहे. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक आजारांचं प्रमाण महानगरांत १३.५ टक्के आणि ग्रामीण भागात ६.९ टक्के निघालं. (त्या सर्वेक्षणात महाराष्ट्र नव्हताच, पण असो.) ते ‘कारण’ मात्र मेसेजवाल्यांनी पदरचं घातलंय. जनगणना बघा: २००१ ते २०११ या काळात विभक्त कुटुंबांचा वाटा शहरांत ५४ वरून ५२ टक्क्यांवर उतरला आणि खेड्यांत ५१ वरून ५२वर गेला. दोन्हीकडे विभक्त कुटुंबं सारखीच, तर दुपटीचं खापर त्यांच्यावर कसं फोडणार?

‘पूर्वी असलं काही नव्हतं.’ पूर्वी कुणी मोजत नव्हतं. विहिरीत जीव दिलेली एखादी चुलत आत्या पुष्कळ घरांत निघेल. तिचा विषय निघाला की मोठी माणसं पानात बघून जेवू लागतात.

‘आई-बाप वेगळे झाले की मूल संपलंच.’ धायरीतलं एक घर माझ्या बघण्यात आहे. आई, बाबा, आजी, दोन मुलं. मेसेजच्या हिशेबाने आदर्श. नवरा-बायकोत बोलणं बंद. नववीतली मुलगी स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये निरोप्या: ‘बाबांना सांग, गॅस संपलाय.’ ‘तिला सांग, नंबर लावलाय.’ रात्री भांडण पेटलं की ती पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून अभ्यास करते. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ पॉल अमाटो आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं माग ठेवलेल्या कुटुंबांवरचा अभ्यास १९९५मध्ये छापून आला. टोकाची भांडणं असलेल्या घरांत आई-बाप वेगळे झाल्यावर मुलं पुढे जास्त बरी राहिली. जिथे फारशी भांडणं नव्हती, तिथे मात्र घटस्फोटाने मुलांचं नुकसान झालं. म्हणजे घटस्फोट निरुपद्रवी, असं मी म्हणत नाही. त्यापाठोपाठ पैशाची ओढाताण येते, घर बदलतं, आठवीत शाळा बदलते, आणि त्याचा फटका मोठा असतो. पोटगी वेळेवर मिळाली तर त्यातलं बरंच टळतं. त्यावर मेसेज अवाक्षर काढत नाही.

‘आई नोकरी करते.’ बाबाही करतात. पुढे.

‘आजी-आजोबा हाच उपाय.’ जीव लावणारं आणखी एक मोठं माणूस घरात असलं तर मुलाला आधार मिळतो, हे कबूल. पण तीच आजी ‘डॉक्टरकडे नेऊ नका, उद्या लग्न जमायचं नाही’ म्हणून अडून बसली, तर घरात पाच माणसं असून उपयोग काय? मूल दोनेक आठवडे नीट झोपत-जेवत नसेल, मित्रांना टाळत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मरणाची भाषा करत असेल तर दोन आठवडेही थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास फुकट चालतो, आणि मराठीतही बोलता येतं.