‘देवाने नेलं ती कृपाच’ हे दुसऱ्याला सांगू नका

मावशीच्या यजमानांना जाऊन महिना होत नाही तोच तिला कुणीतरी तो सगळीकडे फिरणारा मेसेज पाठवला: ‘भगवंत गीतेत म्हणतात, ज्याच्यावर मी कृपा करतो त्याचं सर्वस्व हिरावून घेतो. म्हणून रडू नका, रडणं ही अश्रद्धा. उपचारांमागे धावू नका. ज्यांच्याकडे भरपूर आहे त्यांना देवाने दूर लोटलंय.’ तिने मला विचारलं, “म्हणजे माझ्या भक्तीपायी यांना नेलं का रे?” एका बाईच्या मनात असा प्रश्न पेरणं हे पाप आहे.

श्लोक खरा आहे, एवढं कबूल करावं लागतं. तो गीतेत नाही, भागवताच्या दहाव्या स्कंधात, 88व्या अध्यायात आहे. विरक्त शिवाचे भक्त श्रीमंत आणि लक्ष्मीपतीचे भक्त निर्धन, असं का, हा राजा परीक्षिताचा प्रश्न. भागवत सांगणारे शुकाचार्य त्याला कृष्णाने युधिष्ठिराला दिलेलं उत्तर सांगतात: ज्याच्यावर अनुग्रह करायचा त्याचं धन मी हळूहळू काढून घेतो, मग त्याचे आप्त त्याला सोडतात, तो पुन्हा कमवायला धडपडतो, हरतो, विटतो, माझ्या भक्तांशी मैत्री करतो आणि तेव्हा मी कृपा करतो. प्रश्न पैशाचा होता, उत्तरही पैशाचंच आहे. कुणाचा नवरा नेण्याची गोष्ट तिथे नाही. आणि आप्त पाठ फिरवतात तेव्हा भक्त सोबतीला उभे असतात. दुःखितेला मेसेज पाठवून मोकळं होणारे यांपैकी कोणात बसतात, ते त्यांनीच पाहावं.

मुख्य म्हणजे, ‘गेलं ती कृपाच’ हे बोल ज्याचं गेलं त्याचे आहेत. कुंती संकटं मागते ती स्वतःसाठी. बळीचं राज्य गेल्यावर ती कृपा असल्याचं प्रल्हाद म्हणतो खरा, पण त्याआधी बळीने स्वतः तो दंड गौरवाचा मानलेला असतो. ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें’ हे तुकोबांनी स्वतःच्या दिवाळ्याबद्दल म्हटलं, शेजाऱ्याच्या नव्हे. दुसऱ्याच्या दुःखापुढे भक्त काय करतो ते भागवतातल्या रंतिदेव राजाने दाखवलं. 48 दिवसांच्या उपासानंतर हाती आलेलं अन्न त्याने दारी आलेल्यांना वाटलं, उरलेलं पाणीही तहानलेल्याला दिलं. मोक्ष नको, सगळ्या जीवांचं दुःख माझ्यावर येऊ दे, हे त्याचं मागणं.

रडणं अश्रद्धा? 1630च्या सुमाराच्या दुष्काळाबद्दल तेच तुकोबा लिहितात, ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’, आणि पुढे ‘लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें’. त्यांना अश्रद्ध म्हणणार का? गीतेच्या सातव्या अध्यायात तर चार प्रकारच्या भक्तांत आर्त, म्हणजे पीडित, पहिलाच मोजला आहे, आणि चौघांनाही कृष्ण उदार म्हणतो.

उपचारांबद्दलचं वाक्य धोकादायक आहे आणि त्याला कसलाही आधार नाही. वर सांगितलेल्या श्लोकांतला माणूससुद्धा आधी हातपाय हलवतोच. मगरीने पाय धरलेल्या गजेंद्र हत्तीने धावा केला आणि विष्णू त्याला सोडवायला धावून आला.

राहिला श्रीमंतांचा मुद्दा. सुदाम्याला न मागता ऐश्वर्य मिळालं, अंबरीष राजा राहूनच भक्त होता, ध्रुवाला राज्यही मिळालं आणि अढळपदही. यांपैकी कुणालाही देवाने दूर लोटल्याचं भागवतात नाही.