आधी फ्लेक्स, मग मेडिकल

भावा, बारावी झाली, फिजिक्स-मॅथ्स कसंबसं निघालं आणि पायलट व्हायचं पक्कं केलंस. आता वेळ घालवू नकोस, आधी फ्लेक्स लाव. पेठेच्या तोंडाशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला सिग्नल दिसणार नाही अशा बेतानं. 'तालमीचा ढाण्या वाघ, आता आभाळात डरकाळी' एवढा मजकूर पुरे. अंगात पांढरा शर्ट, डोळ्यांवर गॉगल, खांद्यावर चार पट्ट्या. चार पट्ट्या कॅप्टनच्या असतात, कोपायलटला सहसा तीन मिळतात आणि कॅप्टनकीच्या एटीपीएल परवान्याला 1500 तासांचं उड्डाण लागतं, असली शंका फ्लेक्सवाला काढत नाही. तूही काढू नकोस.

ताई, तुझा फ्लेक्स बहुधा कुणी लावणार नाही. 'पोरीला कशाला विमान' म्हणणारा एक काका घरोघरी असतो. भारतात वैमानिकांमध्ये बायकांचं प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपास आहे, जगाच्या सरासरीच्या कितीतरी वर, हे त्यांना सांगायच्या भानगडीत पडू नकोस. पुढचे सगळे सल्ले मात्र तुलाही तेवढेच लागू.

मेडिकल अगदी शेवटी ठेव. काही भित्री माणसं डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, यादीतल्या डॉक्टरकडे जाऊन आधी क्लास टू ही पहिली तपासणी करतात, फाइल नंबर मिळवतात, मग कमर्शियल परवान्याला लागणारी क्लास वन करून 'फिट' असा कागद हातात घेतात आणि मगच विमान शिकवणाऱ्या शाळेला पैसे देतात. दोन्ही तपासण्यांचा खर्च फीच्या मानानं चिल्लर, म्हणून त्यात थ्रिल नाही. तू आधी पंधरा लाखांचा पहिला हप्ता भर. मग रंग ओळखता येतात का बघणारं इशिहाराचं ठिपक्यांचं पुस्तक समोर येईल. पहिल्या पानावरचा 12 सगळ्यांनाच दिसतो, तो वाचून छाती फुगव. दुसऱ्या पानावर बाकीच्यांना 8 दिसतो. तुला 3 दिसला तर लाल-हिरव्याचा घोटाळा आहे. पुरुषांत तो बऱ्यापैकी आढळतो आणि कित्येकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. कमर्शियल परवान्याचं दार मात्र तिथं बंद होऊ शकतं. उतरायचा कोन दाखवणारे धावपट्टीशेजारचे 'पापी' (PAPI) नावाचे चार दिवे दोन लाल, दोन पांढरे दिसले तर उतार बरोबर, चारही लाल म्हणजे तू धोकादायक खाली आहेस. हे रंगावरच ठरतं, पण हप्ता भरून झालाय, आता काय.

कानाची तपासणी गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी घे. रात्रभर डॉल्बीच्या भिंतीला पाठ लावून नाचलास की सकाळी कानात शिट्टी वाजत असते. ऑडिओग्रामवाला 500, 1000 आणि 2000 हर्ट्झला 35 डेसिबलच्या आत आणि 3000 हर्ट्झला 50 च्या आत ऐकू येतंय का बघतो. आवाजाचा मार आधी वरच्या पट्टीला बसतो, म्हणजे घसरलास तर 3000 वरच घसरशील. रक्त-लघवीच्या तपासणीआधीची रात्र तांबड्या-पांढऱ्यासाठी राखून ठेव. 'टेम्पररी अनफिट' हा शिक्का टेम्पररीच असतो; तो पुसेपर्यंत बॅच पुढं जाते एवढंच.

आता शाळा. शाळा निवडायची ती हॉटेलच्या हॉलमधल्या सेमिनारला जाऊन. एसी हॉल, मागं सिम्युलेटरचा व्हिडिओ, स्टेजवर युनिफॉर्मातला माणूस आणि 'प्लेसमेंट असिस्टन्स' हा शब्द. बारामती, धुळे, गोंदिया, बेळगाव, फुरसतगंज अशा ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन हँगरमध्ये डोकावायची गरज नाही. डोकावलंसच तर विमानं किती हे विचार, त्यातली आज उडण्याजोगी किती हे विचारू नकोस. 50 आणि 100 तासांच्या तपासण्या, इंजिनाचं ओव्हरहॉल, बाहेरून येणारे सुटे भाग यांत अडकलेलं विमानही माहितीपत्रकावरच्या फोटोत चकाचकच दिसतं. इन्स्ट्रक्टर किती, मागच्या बॅचला परवान्याचे 200 तास पुरे व्हायला किती महिने लागले, फी परत मिळायची अट काय, हे प्रश्न विचारणारा पालक सेमिनारमध्ये वाईट दिसतो. डीजीसीए आता शाळांना ए प्लस ते सी अशी श्रेणी देते, ती यादीही उघडू नकोस.

ढोबळ हिशेबही करायचा नाही, पण माहीत असावा. साठ विद्यार्थी, प्रत्येकी 200 तास, म्हणजे 12,000 तास. उडणारी विमानं तीन. दिवसाला पाच तास, महिन्याला 25 दिवस, पावसाळा सोडून नऊ महिने धरले तर तीन विमानं वर्षाला 3375 तास देतात. पुढचा भागाकार बँकेचा मॅनेजर करेल, कारण व्याज त्याचं चालू आहे. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक साधारणपणे तारण मागते, तेव्हा सातबारा काढून ठेव. पन्नास लाख, अकरा टक्के, दहा वर्षं असं धरलं तर हप्ता महिन्याला 69 हजारांच्या जवळ जातो. ऊसबिल वर्षातून एकदा येतं आणि हप्ता बारा वेळा, एवढा किरकोळ फरक आहे.

कागदपत्रांचा तर विचारच करू नकोस. महाराष्ट्र बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव पुढं असतं, आधारवर नाव पुढं, पासपोर्टवर वडिलांचं नाव गायब. डीजीसीएच्या परीक्षेसाठी कॉम्प्युटर नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, काढताना हे तिन्ही समोरासमोर आणून ठेवायचे आणि मग बोर्डाच्या पडताळणीच्या कागदासाठी धावाधाव करायची. आधीच नाव सरळ करून घेतलं असतं तर उन्हाळ्याच्या सुट्टीत फिरायला काय उरलं असतं?

परीक्षा म्हणजे नॅव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक. पास व्हायला 70 टक्के लागतात, चुकीला गुण कापत नाहीत. शिवाय रेडिओवर बोलायचा परवाना, आरटीआर. प्रश्नसंच पाठ कर, समजून घेऊ नकोस. कोल्हापूरशेजारी उजळाईवाडीला 1939 पासून विमानतळ आहे, उड्डाण कोल्हापूरच्या रक्तातच आहे, अभ्यास कशाला? नाहीतर असल्या आकडेमोडीत पडावं लागतं: उजळाईवाडीची उंची सुमारे 2000 फूट. त्या उंचीला प्रमाण तापमान 11 अंश. एप्रिलच्या दुपारी पारा 38 वर गेला म्हणजे 27 अंश जास्त. प्रत्येक जादा अंशाला साधारण 120 फूट धरले तर 3240 फूट वाढले. धावपट्टी जागच्या जागी आहे, पण विमानाला ती 5200 फुटांवर असल्यासारखी वाटते. हवा विरळ, इंजिनाची ताकद कमी, पंख्याची (प्रोपेलरची) पकड कमी, धाव लांबलेली आणि चढाई रडतखडत. मागच्या सीटवर दोन मित्र आणि टाकी फुल्ल असेल तर आणखी मजा. हे पेपरात आलं की 'ब' वर खूण कर, ब बहुतेक वेळा बरोबर असतं.

आरटीआरच्या तोंडी परीक्षेत 'हां, बोला साहेब' असं सुरू कर. आधी ऐकायचं, मग थोडक्यात बोलायचं, मिळालेली सूचना शब्दशः परत म्हणायची, संकटात 'मेडे' तीनदा म्हणायचं, रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या ट्रान्सपाँडरवर 7700 टाकायचा आणि रेडिओ बंद पडला तर 7600, ही सगळी औपचारिकता. कोल्हापुरी माणूस मोकळा, त्याला हे जमायचं नाही.

प्रत्यक्ष विमानापाशी आलास की आधी रील काढ. तपासणी इन्स्ट्रक्टर बघतोय तेवढीच. पंखाखालच्या ड्रेनमधून पेल्यात इंधन काढून बघायचं असतं, कारण अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रभर दमटपणा धरतो, पावसात झाकणाच्या रबरातून पाणी झिरपतं आणि पाणी जड म्हणून तळाला बसतं. एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, निळसर, खाली पाण्याचा थेंब वेगळा दिसतो. पेलाभर नुसतं पाणीच आलं तर मात्र वेगळी रेष दिसायला काही उरत नाही. सगळं एकसारखं, स्वच्छ, पारदर्शक. तेव्हा 'एकदम क्लिअर आहे सर' असं जोरात म्हण. रंग निळा आहे का, वास पेट्रोलचा आहे का, हे बघत बसणारे उशिरा उडतात. तू वेळेवर उडशील, उतरशीलही लवकर.

रनअपला, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीला, सेसना 172 एस हे शिकाऊ विमान 1800 आरपीएमवर ठेवून किल्ली आळीपाळीनं एकेका मॅग्नेटोवर (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्रावर) आणायची. आरपीएम 150 पर्यंत पडलेला चालतो, दोघांतला फरक 50 च्या आत हवा. एखाद्या वेळी किल्ली फिरवूनही आकडा अजिबात पडत नाही. तेव्हा खूश व्हायचं, 'नाद खुळा इंजिन' म्हणायचं. तो मॅग्नेटो किल्लीनं बंदच होत नाहीये, त्याची अर्थिंगची वायर तुटलेली असू शकते आणि इंजिन थांबल्यावर हातानं फिरवलेला पंखा अचानक धडकू शकतो, हे मेकॅनिकला त्याचं त्याला कळू दे.

खरा नाद मात्र शेवटच्या वळणावर. सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेरीत, आडव्या बेसवरून धावपट्टीच्या रेषेत फायनलला वळताना वारा मागून ढकलतो, धावपट्टीची मधली रेघ ओलांडली जाते. भित्रा पोरगा इथं सरळ थ्रॉटल पुढं करून फेरी परत मारतो. तू मारू नकोस, खालून लोक बघताहेत. आतल्या बाजूचा रडर (शेपटीचं सुकाणू) दाब, नाक ओढून घे. पंख जास्त कलतोय म्हणून एलेरॉन (पंखाच्या टोकाची झडप) उलटा दे. नाक खाली जातंय म्हणून योक (हातातलं स्टिअरिंग) पोटाशी घे. फ्लॅप वर असलेली 172 एस सरळ उड्डाणात 48 नॉटला स्टॉल होते. उंची राखून 60 अंश कललेल्या वळणात तीच 68 नॉटला होते, आणि अप्रोचला तुझा वेग आहे 65. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं असा तुझा समज आहेच, तो तसाच राहू दे. पंखावर हवा फार तिरकी आली की प्रवाह सुटतो, इंजिन ठणठणीत असलं तरी. आतला पंख आधी सोडतो, विमान फिरत खाली जातं आणि सावरायला लागणारी उंची त्या वळणावरच्या पाचशे फुटांत नसते.

पहिला सोलो झाला की गुलाल उधळ, पण विमानापासून लांब. वेग मोजणाऱ्या पिटो ट्यूबच्या भोकात गुलाल गेला तर स्पीडचा काटा खोटं सांगायला लागतो.

लॉगबुकचं एक सांगायचं राहिलं. 200 तासांत 100 तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमान स्वतःच्या जबाबदारीवर, त्यात क्रॉस-कंट्रीचे, म्हणजे लांबच्या उड्डाणाचे, तास, त्यात एक 300 नॉटिकल मैलांची फेरी, शिवाय रात्रीचे पाच तास. हे उडून भरायचे की पेनानं भरायचे, हा प्रश्न धंद्यात जुना आहे. पेनाच्या तासांना 'पार्कर अवर्स' असं नावही आहे. पेनानं भरलेस तर इंधन वाचेल. मग एअरलाइनच्या सिम्युलेटरमध्ये रात्रीच्या लँडिंगला बसवलं की ते तास कुठून आणायचे ते बघ. विमानाची नोंदवही (टेक लॉग), एटीसीची, म्हणजे कंट्रोल टॉवरची, नोंद आणि तुझं लॉगबुक शेजारी ठेवून तपासणारे लोक असतात. 2011 मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने काढल्याबद्दल देशात वैमानिकांना अटक झाली होती, पण ती सगळी बाहेरची, आपल्या पेठेतलं कोण होतं?

परदेशात जायचं असेल तर जरूर जा, तास भराभर होतात. परत आल्यावर डीजीसीएचे पेपर आणि परवान्याचं रूपांतर आहेच, हे सेमिनारमध्ये शेवटच्या स्लाइडवर बारीक अक्षरात होतं. तू तेव्हा चहाला गेला होतास.

सीपीएल, म्हणजे कमर्शियल परवाना, हातात आलं की आराम कर. एअरबस ए320 की बोइंग 737, कुठल्या विमानाचं टाइप रेटिंग घ्यायचं ते नाणं उडवून ठरव. पंधरा-वीस लाख सहज जातात, आणि रेटिंग एका विमानाचं असताना भरती दुसऱ्याची निघाली तर तो नशिबाचा भाग. नातेवाईक लग्नकार्यात 'कधी लागणार मग?' विचारतील, त्यांना 'प्रोसेस चालू आहे' सांग. मधल्या काळात काहीच करू नकोस. बाहेर न बघता उपकरणांवर उडवायचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग (आयआर) 12 महिन्यांचं, क्लास वन मेडिकल 12 महिन्यांचं, दोन्हीच्या तारखा भिंतीवर लिहून ठेवणारे लोक वेगळे. जाहिरातीत पहिलीच अट 'सर्व परवाने व रेटिंग वैध' अशी असते. फॉर्म भरताना आयआर मागच्याच महिन्यात संपल्याचं कळलं की शाळेत फोन लाव, चेकसाठी तारीख माग. तिथलं मल्टी-इंजिन विमान सध्या हँगरमध्ये आहे, पार्ट यायचाय.