चर्चच्या मराठी हायस्कूलला आपलीच मुलं मिळेनात?

जूनचे प्रवेश जवळ आले की आमच्या वसईच्या गावांत घरोघर एकच विषय निघतो. पोराला इंग्रजीत घालायचं की मराठीत? बहुतेक घरांत उत्तर आधीच ठरलेलं असतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय. चर्चने चालवलेल्या मराठी हायस्कूलमध्ये मी शिकले, माझी भावंडं शिकली, आणि ती शाळा गावाने कशी उभी केली हे ऐकतच आम्ही मोठे झालो.

कॅथलिक शाळा म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे टाय, बूट आणि फाडफाड इंग्रजी येतं. वसईच्या बागायती पट्ट्यात चित्र वेगळं होतं. इथल्या ख्रिस्ती माणसाच्या घरात कादोडी नाहीतर वाडवळी बोली, चर्चमधली मिस्सा म्हणजे उपासना मराठीत आणि शाळाही मराठीत. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिथल्याच सेंट जोसेफ मराठी हायस्कूलचे विद्यार्थी. 1972 साली ते धर्मगुरू झाले, मग वर्षानुवर्षं त्यांनी 'सुवार्ता' मासिक सांभाळलं, हरित वसईच्या चळवळीत पाण्यासाठी आणि जमिनीसाठी रस्त्यावर उतरले, आणि 2020 साली उस्मानाबादच्या 93व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. गावातल्या मराठी शाळेत शिकलेला पोरगा कुठवर जातो, याला आणखी काय पुरावा हवा?

आमची शाळा आधी चर्चच्या आवारातली प्राथमिक शाळा होती. आजा सांगायचा, सातवीनंतर पुढे शिकायचं तर सायकल नाहीतर पायपीट, आणि मुलींचं शिक्षण तिथेच संपायचं. मग फादरांनी आळीआळीत बैठका घेतल्या. पैसा कुणाकडे नव्हता, पण केळी होती, पानवेल होती, फुलं होती. हंगाम झाला की वर्गणी यायची. ज्याच्याकडून तीही होत नसे तो रेती उतरवायला, विटा वाहायला यायचा. आठवी निघाली, पुढच्या वर्षी नववी, मग दहावी. मान्यतेसाठी आणि अनुदानासाठी फादरांनी शिक्षणखात्याच्या किती पायऱ्या झिजवल्या असतील ते तेच जाणोत. खोली तयार होईपर्यंत वर्ग मांडवात भरायचे.

या वाढीत चर्चच्या सिस्टरांचा वाटा फार मोठा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. माझ्या आत्याला सातवीनंतर घरी बसवलं होतं. आजीला बाजाराला जावं लागे, धाकट्यांना बघायला कुणीतरी हवं. सिस्टर संध्याकाळी येऊन ओट्यावर बसल्या. आजाने चहा दिला, पण विषय टाळला. त्या दुसऱ्या दिवशी परत आल्या, तिसऱ्या दिवशीही आल्या. शेवटी आजा म्हणाला, "न्या बाई तिला." आत्या पुढे डी.एड. झाली आणि निवृत्त होईपर्यंत तिने जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. अशी आत्या गावातल्या कितीतरी घरांत सापडेल.

आमच्या वेळीही आई पहाटे कळ्या खुडून, पाटी डोक्यावर घेऊन दादरच्या फुलबाजाराची गाडी पकडायची. आम्ही डबा आपला आपण भरायचो. प्रार्थनेच्या रांगेत निम्म्या पोरांच्या बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग असायचे. ते धुऊन जात नाहीत, आणि शाळेच्या पांढऱ्या शर्टावर पडले तर शर्टाबरोबरच जातात. सरांना ठाऊक असायचं की हा बागेचं शिपणं उरकून आलाय. उशीर झाला तर ते आधी विचारायचे, मग ओरडायचे. शाळा गावाच्या पोटातून आली असली की हे सांगावं लागत नाही.

आणि ती फक्त ख्रिस्ती मुलांची शाळा कधीच नव्हती. माझ्या बाकावर एक आगरी मैत्रीण होती, मागे पाड्यावरून येणाऱ्या दोघी. आमचा धर्मशिक्षणाचा तास असे तेव्हा त्यांना नीतिशिक्षण असे. मिशनरी शाळा म्हणजे धर्मांतर, असं सरसकट लिहिणाऱ्यांनी कधीतरी आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला यावं. मैत्रिणीचे बाबा शाळेच्या गॅदरिंगला स्टेज बांधायचे आणि गणपतीत आम्ही तिच्या घरी मोदकांना असायचो.

आता दुखणं. इंग्रजी माध्यमाच्या तुकड्या भरभरून वाहताहेत आणि मराठीची तुकडी एकेका पोरासाठी अडलीय. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, शासन निर्णयाने पट घसरलेल्या मराठी वर्गांच्या गळ्याशीच पाणी आणलं. त्या निर्णयाप्रमाणे वरच्या वर्गांत वीस मुलं नसतील तर शिक्षकाचं पदच मंजूर होत नाही. शिक्षक नाहीत म्हणून पालक येत नाहीत, पालक येत नाहीत म्हणून शिक्षक जातात. सरकारला दोष द्यायलाच हवा, मी देतेच. पण वर्ग रिकामा सरकारने केला नाही, तो आपण केला. रविवारी मराठीत प्रार्थना म्हणणारे, संमेलनाध्यक्ष आमच्या गावचे म्हणून छाती फुगवणारे आपण, सोमवारी पोराला स्कूलबसमध्ये बसवून चार स्टॉप पलीकडे पाठवतो.

पालकांची भीती मला कळते. नोकरीत इंग्रजी लागतं, हे खरंच आहे. त्यासाठी सेमी इंग्रजी आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकी सगळं मराठीत. ते नीट राबवा. इंग्रजी शिकवायला शाळेतला सगळ्यात चांगला शिक्षक मराठी तुकडीला द्या, उरलेला नको. पाड्यावरच्या मुलींसाठी गाडीची सोय करा, त्या आजही यायला तयार आहेत.

चर्चच्या मंडळींना एवढंच विचारते: शाळा वाढली असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय मोजतो? नवीन इमारत, लिफ्ट, संगणक कक्ष? ते सगळं असू दे, मला आनंदच आहे. पण ज्यांच्या आजाने विटा वाहिल्या त्यांना आणि पाड्यावरून येणाऱ्या पोरीला परवडेल असा वर्ग त्या इमारतीत उरतोय का, हे एकदा पालकसभेत आकड्यांसह मांडा. मराठीचा पट, शिक्षकांची पदं, फी, सगळं. आम्ही माजी विद्यार्थी एका शिक्षकाचा पगार वाटून घ्यायला तयार आहोत. माझ्या बॅचच्या ग्रुपवर मी आजच विचारतेय, तुम्हीही आपापल्या ग्रुपवर विचारा. ज्यांची मुलं यंदा पाचवीत जाणार आहेत त्यांनी फॉर्म भरण्याआधी एकदा मराठी तुकडीच्या वर्गशिक्षकांना भेटून या.