एका सहीसाठी अख्खं विंडोज

सही करायची असते. एक. डिजिटल. आणि तेवढ्यासाठी लिनक्सच्या पोटात अख्खं विंडोज ११ पोसायचं! का, तर ज्या पोर्टलवर सही करायची, त्याचं सही करणारं सॉफ्टवेअर दुसरीकडे चालतच नाही. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, वर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी. आभासी मशीनला खरी चिप कुठली? मग एसडब्ल्यूटीपीएम नावाचा प्रोग्रॅम तिचं सोंग घेतो.

लिनक्समध्ये आभासी मशीन चालवतं त्या केव्हीएमला मी नावं ठेवणार नाही. २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० कर्नलबरोबर (म्हणजे गाभ्याबरोबर) आलं, तेव्हापासून निमूट राबतंय बिचारं. डोकं फिरतं ते पुढे. मशीन महिन्यातून एखाद्या वेळी चालू होणार, त्यामुळे तुंबलेले सगळे अपडेट नेमके तेव्हाच अंगावर. पंखा भणभणतोय, माउस अडखळतोय, आणि शेवटची तारीख आजच!

ते शांत झालं की सही ज्यात साठवलेली असते ते यूएसबी टोकन विंडोजच्या आत पाठवा. ते जात नाही, कारण बाहेर लिनक्सच्या पीसीएससीडी या टोकन वाचणाऱ्या सेवेने आधीच धरून ठेवलंय. ती सेवा बंद करा. टोकन काढा, लावा. आता उपकरणाचा क्रमांकच बदलला, म्हणजे पुन्हा जोडा. एवढं होईतो पोर्टलचं सेशन संपलं. परत लॉगिन, परत ओटीपी (तो कधी येईल ते त्यालाच ठाऊक).

हेल्पलाइनला फोन लावावा तर पलीकडून अगदी गोड आवाजात, "सर, घरात साधा विंडोज लॅपटॉप नाहीये का कुणाचा?"